दाराचा दगड

आमच्या बैठकीच्या खिडकीच्या काचेला एक एक्स-रे चिकटवलेला आहे. उजेड मागून येतो, म्हणून तो स्वच्छ दिसतो. घरी येणारा माणूस चहा पिता पिता त्याच्याकडे पाहतो आणि कुणाचं हाड मोडलं, असं विचारतो. गुडघ्याचं ऑपरेशन झालेले एक पाहुणे जवळ जाऊन, चष्मा वर करून म्हणाले होते, "सांधा मजबूत दिसते." माझी याडी, म्हणजे आई, तांड्यावरून आली की दर वेळी विचारते, "ई कांई छ?" हे काय आहे ते मी दर वेळी सांगते. ती हं म्हणते आणि पुढच्या खेपेला पुन्हा विचारते.

ते हाड नाही. तो समुद्रातल्या एका दगडाचा फोटो आहे. फिल्मच्या कोपऱ्यात पेशंटचं नाव लिहिलेलं आहे, राजूर. त्यापुढे 'पु.' म्हणजे पुरुष. वयाची जागा कोरी आहे. आमच्या सरांनी निवृत्तीच्या दिवशी तो मला दिला. पाकिटात घातला नव्हता, गुंडाळी करून सुतळीने बांधला होता.

सर प्राणिशास्त्र शिकवत. तालुक्याच्या गावचं आमचं कॉलेज लहान होतं आणि या विभागात सर, एक कंत्राटी मॅडम आणि एक शिपाई काका एवढीच माणसं. सर उंच आणि बारीक. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी एक स्टीलची डबी असे. विद्यार्थ्यांना वाटे तंबाखूची असेल, कारण आमच्याकडे अशा डबीत दुसरं काही असत नाही. तिच्यात अर्धं कापलेलं लिंबू असे. रस्त्यात, देवळात, कुणाच्या अंगणात कुठेही वेगळा दगड दिसला की सर वाकून त्याच्यावर दोन थेंब पिळत. बुडबुडे आले तर चुन्याचा दगड. नाही आले तर डबी बंद करून पुढे चालू लागत. एका विद्यार्थ्याच्या बहिणीच्या लग्नात आर्णीला त्यांनी वाढायला ठेवलेल्या ताटातली लिंबाची फोड उचलून नव्याकोऱ्या फरशीवर पिळली होती. फरशी फसफसली. सरांनी मुलीच्या बापाला बोलावून सांगितलं, "फरशी चुन्याची हाय तुमची. पंगतीत लिंबू वाढू नोका, डाग पडतीन." मुलीचा बाप त्या गडबडीत फरशीकडे आणि सरांकडे आळीपाळीने पाहत राहिला. पंगतीत लिंबू वाढलं गेलं नाही, हे मात्र खरं.

सर मूळचे राजूरचे. तिथे चुन्याच्या भट्ट्या आहेत आणि त्यांचे वडील भट्टीवर कामाला होते. लिंबू तिथूनच आलं असावं.

त्यांना विद्यार्थ्यांची नावं लक्षात राहत नसत, किंवा ठेवायची नसत. ते प्रत्येकाला गावाच्या नावाने हाक मारत. "ओ आर्णी, फळ्यावर ये." "कळंब, चहा आना." कळंब म्हणजे शिपाई काका. मी पहिल्या दिवशी गाव विचारल्यावर "तांडा" एवढंच सांगितलं, कारण बाहेरच्या माणसाला तेवढं पुरत असे. सर म्हणाले, "तांडे छप्पन हायेत. कोन्ता?"

मी म्हटलं, "पळसतांडा."

"मंग तसं सांग नं. तुमचे लोक बैलाच्या पाठीवर मीठ आनत. कुठून आनत?"

मला माहीत नव्हतं.

"समुद्रावरून. तुह्या आज्याच्या आज्यानं समुद्र पाह्यला असन. या वर्गात बाकी कोनाच्याच खानदानीत कोनी पाह्यला नाही." वर्ग हसला. पण मी त्या दिवशी घरी गेल्यावर आजाला विचारलं, आणि आजाने एक तासभर मिठाच्या गोष्टी सांगितल्या. त्याआधी त्या मला कुणी सांगितल्या नव्हत्या, कारण मी विचारल्या नव्हत्या. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिली. पुस्तकात नाही ते शिकण्यासारखं नसतं, अशी माझी तेव्हा समजूत होती.

सरांचं एक ठरलेलं वाक्य होतं, "बाजूनं पाह्य." सूक्ष्मदर्शकात पाहत असलो, बेडूक पाहत असलो किंवा कागदावर आकृती काढत असलो, तरी मागून आवाज येई. वरून सगळ्या गोष्टी चपट्या दिसतात, असं त्यांचं म्हणणं. कॉलेजच्या मागे एक वारूळ होतं. दर सोमवारी सर तिथे गुडघ्यावर बसत आणि खुणा केलेल्या काठीने त्याची उंची मोजत. प्राचार्यांनी एकदा विचारलं, हे कशासाठी? सर म्हणाले, "वाढून राह्यलं सर. आपल्याले दिसत नाही, एवढंच." एका वर्षात ते वारूळ किती वाढलं, हे सांगितल्यावर प्राचार्य म्हणाले, "एवढंसं?" त्यानंतर सर आठवडाभर त्यांच्याशी फक्त कामापुरतं बोलले.

रोज अकरा वाजता काका एक कप चहा आणत. अर्धा बशीत ओतत. बशी सर घेत, कप काका. दोघे खिडकीपाशी उभे राहून पीत आणि फारसं बोलत नसत. हे वीसेक वर्षं चाललं होतं. नवीन प्राचार्य आले आणि गेले, अभ्यासक्रम तीनदा बदलला, तरी बशी सरांची आणि कप काकांचा.

आमच्या विभागाला एक संग्रहालय होतं. म्हणजे एक लांब खोली, सहा कपाटं आणि बरण्या. मधोमध काचेच्या पेटीत एक पांढरं प्रवाळ होतं, सांबराच्या शिंगांसारखं फांद्या फुटलेलं. येणारा प्रत्येक जण तिथे थांबे. गॅदरिंगला पाहुणे आले की त्यांना तिथे उभं करून फोटो काढत. मी 'कमवा आणि शिका' योजनेत होते. सकाळी संग्रहालय उघडायचं, झाडायचं, बरण्यांतलं औषध कमी झालं तर सांगायचं, हे माझं काम. त्या पेटीची काच मी रोज कागदाने पुसत असे.

दाराशी एक गोल दगड होता. कोहळ्याएवढा, राखाडी, वरून झिजलेला. पूर्वेच्या खिडकीतून वारा आला की ते जड दार आपटे, म्हणून त्याला हा दगड लावलेला असे. मी दोन वर्षं रोज सकाळी तो चपलेने सरकवून दाराला लावला आणि दुपारी चपलेनेच परत सरकवला.

तिसऱ्या वर्षी कॉलेजला तपासणी समिती येणार होती. महिनाभर आधीपासून रंगरंगोटी सुरू झाली. झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुना लागला. सर विद्यापीठात पेपर तपासायला गेले होते आणि चार दिवस येणार नव्हते. हेडक्लार्क मला म्हणाले, "रजिस्टरले नंबर नाही अशी एक वस्तू खोलीत दिसली नाही पाह्यजे. संध्याकाळपर्यंत यादी दे." मी यादी केली. माझं अक्षर चांगलं आहे, म्हणून याद्यांची सगळी कामं माझ्याकडेच येत. फुटक्या बरण्या, सात. मोडकं स्टूल, एक. वाळवी लागलेले तक्ते, अकरा. काचेच्या पेटीतल्या त्या पांढऱ्या प्रवाळाचंही लेबल कधीचं गळून गेलं होतं. मी रजिस्टरमध्ये त्याचा नंबर शोधला, नवीन लेबल लिहिलं, त्याला लाल रेघेची चौकट केली आणि चिकटवलं. मग खोलीत एकदा नजर फिरवली आणि यादीच्या शेवटी लिहिलं, गोल दगड, एक.

काकांनी तो उचलून बाहेर नेला. मागे जुनी इमारत पाडली होती. तिच्या मलब्याबरोबर ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत तो गेला. ट्रॉली कॉलेजच्याच मागच्या खोलगट जागेत रिकामी होत होती, गाड्या लावायला जागा करायची म्हणून.

सर आले त्या दिवशी मी संग्रहालयातच होते. ते आत आले आणि त्यांच्या मागे दार धाडकन बंद झालं. सर वळले. दाराच्या खाली पाहिलं.

"दगड कुठी गेला?"

मी तोंड उघडण्याआधी काका म्हणाले, "मी टाकला."

"कोनं सांगतलं?"

"कोनी नाही. पायात येऊन राह्यला होता. टाकला."

"कळंब, तुमी टाकला?"

"हाव."

"तुमीच?"

"सांगतलं नं एकडाव."

सर काकांकडे पाहत राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "चाल पळसतांडा. टोपलं घे."

व्हरांड्यात काका मला हळूच म्हणाले, "तू काही बोलू नोको. तुह्यं पुढचं सारं त्यायच्या सहीवर हाय. माह्या नोकरीची दोन वर्षं राह्यली, मले काय होते?" ते खरं होतं. अमरावतीला एम.एस्सी.साठी अर्ज करायचा होता आणि त्यासोबत सरांचं पत्र लागणार होतं. आमच्या घरात पत्र देणारा दुसरा कुणी माणूस नव्हता. मी बोलले नाही.

मलब्याचा ढीग माझ्या डोक्याइतका उंच होता. सरांनी डबी काढली आणि समोरच्या पांढरट दगडावर लिंबू पिळलं. फसफस झाली. दुसऱ्यावर पिळलं. तीच फसफस. तिसऱ्यावरही तेच. जुन्या इमारतीच्या पायात राजूरकडचाच चुन्याचा दगड भरलेला होता. सर ढिगावर बसले आणि स्वतःशीच हसले. "आज लिंबू कामाचं नाही."

मी विचारलं, "सर, कसा ओळखायचा मग?"

"त्याले टाचनीच्या टोकाएवढी भोकं हायेत, अंगभर. पन माह्या डोळ्याले ते दिसत नाही आता." त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचं होतं. "हातानं पाह्य. दिसते तेवढा जड नसते तो. आतून पोकळ पोकळ असते."

हे मात्र मला येत होतं. कापसाचं गाठोडं, पाण्याचा हंडा, सरपणाचा भारा, उचलल्याबरोबर किती आहे ते मला कळे. मी एकेक दगड उचलून बाजूला ठेवू लागले. तीन वर्षांत पहिल्यांदा मी विचारलं, "सर, तो दगड होता तरी काय?"

सर म्हणाले, "इतक्या वर्षांत कोनी इचारलं नव्हतं."

मग त्यांनी सांगितलं. मी दगड उचलत होते आणि ते ढिगावर बसून सांगत होते. तरुणपणी ते दोन वर्षं दक्षिणेच्या किनाऱ्यावर एका प्रकल्पात मदतनीस होते. तिथे रोज सकाळी होड्या भरून प्रवाळ यायचं आणि भट्ट्यांकडे जायचं, चुन्यासाठी. आता असं कुणी केलं तर गुन्हा आहे. तेव्हा ते राजरोस चाले. प्रकल्पातले सगळे जण फांद्यांचं प्रवाळ अभ्यासत. ते भराभर वाढतं, सुंदर दिसतं, त्याच्यावर लवकर निबंध लिहून होतो. गोल दगडांकडे, म्हणजे गोल वाढणाऱ्या प्रवाळाकडे, कुणी पाहत नसे. ते बोटाच्या जाडीएवढे वाढायला दोन दोन वर्षं घेतात. प्रकल्प तीन वर्षांचा, दगड दोनशे वर्षांचा, त्याचं काय करणार?

"पन होडीवाले गोल दगडच शोधत. मी इचारलं, काहून? तर म्हने, भट्टीवाल्याले हेच पाह्यजे. मंग मी एक तुकडा उचलला अन् गाडीत मांडीवर घेऊन राजूरले आनला. बाबाले दाखोला. बाबानं टिचकी मारली, जिभेले लावला, म्हने, 'याचा चुना पांढराशिपत निंगन. फांद्या आनू नोको, फांद्यायनं भट्टी गुदमरते.'" सरांनी लिंबाची डबी खिशात ठेवली. "माह्या बापानं कधी समुद्र पाह्यला नाही. पन कोन्तं प्रवाळ कामाचं, हे त्याले अन् त्या होडीवाल्यायले समजे. भट्टीत जाळासाठी का होईना. आमी शिकेल लोक फुलं पाहत बसलो."

मला तेव्हा सगळं नीट समजलं नाही. मी विचारलं, "कामाचं म्हणजे काय, सर?"

"पऱ्हाटी पाह्यतेस नं शेतात, कापसाची? हंगामात पांढरंफट्ट वावर. अन् नंतर?"

"नंतर पऱ्हाट्या उपटून ढीग."

"तसं हाय ते फांद्यायचं. वादळ आलं, मोडलं. पानी तापलं, पांढरं पडलं, मेलं. पुन्हा येते, नाही असं नाही. पन गोल दगड धुऱ्यासारखा, वावराच्या बांधासारखा हाय. धुरा पिकते काय? नाही. त्याचं उत्पन्न कोनी लिहित नाही. पन धुरा फुटला की वावरातली माती नाल्यात. लाट येते ते आधी याच्यावर आदळते. मासे याच्याच कपारीत लपतात. पानी तापलं तरी हा पुष्कळदा टिकते. फांद्या पुन्हा उगवतात त्या याच्याच आधारानं."

पुढे कॉलेजात नोकरीला लागल्यावर सरांनी तो दगड रजिस्टरला लावायचा प्रयत्न केला होता. त्या वेळचे विभागप्रमुख म्हणाले, असे दगड राजूरला ट्रकने मिळतात. तेव्हा सरांनी तो दाराला लावला. "म्हटलं, नंबर नाही तर नाही. काम तर करन." आणि कुणी विचारेल म्हणून थांबले.

दुपार कलली तेव्हा माझ्या हातात एक तुकडा आला, जो दिसत होता त्याहून हलका होता. मी तो सरांच्या मांडीवर नेऊन ठेवला. त्यांनी अंगठा फिरवला. "हाव. हाच." दुसरा अर्धा तुकडा त्याच्याजवळच सापडला. ट्रॉलीचं चाक गेलं असावं, मधून फुटला होता. मला रडू आलं. सर मात्र फुटलेल्या बाजूवरची माती फुंकून बोट फिरवत होते. तिथे फिकट रेघा होत्या, एकावर एक, ओळीने. "हे मले कधी दिसलं नसतं," ते म्हणाले. "मी काही त्याले फोडला नसता."

अशा दगडात झाडाच्या खोडासारखं दर वर्षाचं एक वलय असतं. नुसत्या डोळ्यांना ते धड दिसत नाही, पातळ काप करून एक्स-रे काढावा लागतो. हे पुस्तकात होतं आणि सर ते दर वर्षी शिकवत. पण आमच्या तालुक्यात ते कुणी करेल, असं कुणालाच कधी वाटलं नव्हतं. काप एका फरशीवाल्याने करून दिला. मशीन बंद करून त्याने विचारलं, "गुरुजी, ओट्याले लावाचा काय? मजबूत नाही बरं हा." त्यानंतर आम्ही एसटीने आर्णीला गेलो. मी काप टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतला होता.

एक्स-रे काढणारा माणूस घाईत होता. त्याने टॉवेल उघडला आणि विचारलं, "पेशंट?"

"हाच," सर म्हणाले.

"गुरुजी, मजाक नोका करू. बाहेर दहा-बारा जन बसून राह्यले."

"मजाक नाही. फोटो काढाचा हाय."

तो माझ्याकडे पाहू लागला. मी मान हलवली. तो म्हणाला, "नाव लिवा लागते. नावाबिगर मशीन पुढं जात नाही."

"लिहा. राजूर."

"वय?"

"तेच पाह्याले आलो."

त्याने ती जागा सोडली. "काय दुखते?"

"अजून बोलला नाही."

आता तो हसला. काप नीट मांडला, वरचा दिवा सरळ केला, काचेमागे गेला आणि सवयीने म्हणाला, "श्वास रोका." मी रोखला. सरांनीही रोखला असावा, कारण "सोडा" ऐकू आल्यावर दोघांचाही श्वास एकदम सुटला.

फिल्म घेऊन आम्ही बसस्टँडवर आलो. सरांनी ती आकाशाकडे धरली. एक उजळ पट्टा आणि एक गडद पट्टा मिळून एक वर्ष. त्यांना दिसत नव्हतं म्हणून मी मोजायचं आणि त्यांनी ऐकायचं. मी तीन वेळा मोजले. तिन्ही वेळा सदतीस आले. दोन ठिकाणी पट्टे अगदी दाटून आलेले होते. सर म्हणाले, "त्या दोन वर्षी त्याले जड गेलं असन. पन वाढला." पुढे म्हणाले, "अन् हा नुसता टवका. मूळ दगड बैलबंडीएवढा होता. त्याचं मोजाचं राह्यलं."

पुढे एम.एस्सी.ला असताना आमची सहल मालवणला गेली होती. तिथे आम्हाला पाण्याखाली एक चौकट टाकून, वरून पाहून प्रवाळ मोजायला शिकवलं. ज्या चौकोनात प्रवाळ दिसेल त्याला एक खूण. पापडासारखा पातळ थर असला तरी एक खूण, आणि मांडीएवढा उंच गोल दगड असला तरी एकच. माझ्या पाटीवर दोघांची बरोबरी झाली. मी पाण्यातच वळले आणि बाजूने पाहिलं. दगडाच्या पोटाशी, सावलीत, सात-आठ मासे स्तब्ध होते. वरून ते दिसले नव्हते. मी पाटीवर बाजूची उंचीही लिहिली. मार्गदर्शकांनी ती खोडली, कारण तक्त्यात तिच्यासाठी रकाना नव्हता. त्यांचंही बरोबर होतं. सगळ्यांचे आकडे एकसारखे असले, तरच बेरीज होते.

तर तपासणीचा दिवस. मधल्या वीस-बावीस दिवसांत अकराचा चहा बंद झाला होता. काका कप आणून सरांच्या टेबलावर ठेवत. सर मान वर करत नसत. चहावर साय धरे आणि बारा वाजता काका कप उचलून नेत. आणखी दोनदा मी सरांना विचारताना ऐकलं, "कळंब, दगड तुमीच टाकला होता नं?" आणि दोन्ही वेळा काका म्हणाले, "हाव." मला झोप येत नव्हती असं मी म्हणणार नाही, येत होती. पण अकरा वाजले की मी खोलीबाहेर जाण्याचं काम काढत असे.

सरांनी दगडाला नंबर मिळवला. एक्स-रे पाहिल्यावर प्राचार्यांना नाही म्हणता आलं नाही. दोन्ही तुकड्यांवर पांढऱ्या रंगाने आकडा टाकून, एकाखाली एक, ते कपाटात ठेवले होते.

समिती आली. तीन सदस्य, मागे प्राचार्य, मागे हेडक्लार्क. सगळे आत आले आणि शेवटच्या माणसाच्या पाठीशी दार धाडकन आपटलं. एक मॅडम दचकल्या. हेडक्लार्कने दार उघडलं. वारा आला, दार पुन्हा आपटलं. प्राचार्यांनी सरांकडे पाहिलं. दाराला लावायला त्या चकचकीत खोलीत काहीच शिल्लक नव्हतं. तेव्हा काका व्हरांड्यातून आले, दार उघडलं आणि त्याला पाठ लावून उभे राहिले.

ते तासभर तसेच उभे होते. सदस्यांनी बरण्या पाहिल्या, रजिस्टर पाहिलं, सापांची चौकशी केली. काचेच्या पेटीपाशी बराच वेळ गेला. लेबल कुणी लिहिलं, असं मॅडमनी विचारलं आणि माझं कौतुक झालं. फोटो काढताना एक सदस्य काकांना म्हणाले, "जरा बाजूला होता का? मागे दिसताय." काका बाजूला झाले नाहीत, फक्त खांदा आक्रसून घेतला. कपाटातल्या दगडापुढून तिघेही चालत गेले. सर त्या वेळात काकांकडे पाहत होते. मीही पाहत होते. वाऱ्याचा झोत आला की दार काकांच्या पाठीवर आदळे आणि काका पायाची जागा किंचित बदलत.

गाड्या गेल्याचा आवाज आला. प्राचार्य आणि हेडक्लार्क त्यांच्यामागे गेले. खोलीत आम्ही तिघेच राहिलो. मी सरांच्या टेबलापाशी गेले.

"सर, दगड मी टाकला होता. काकांनी नाही. यादीत मी लिहिलं, त्यांनी फक्त उचलला."

सरांनी खण उघडला. वरच माझी यादी होती, घडी घातलेली. त्यांनी ती उलगडून शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. गोल दगड, एक.

"अक्षर तुह्यंच हाय. आलो त्याच दिवशी पाह्यली."

"मग काकांशी तुम्ही..."

"मी त्यायले तीनदा इचारलं. तिन्हीदा खोटं बोलले माह्याशी. इतक्या वर्षांत पहिल्यांदा." त्यांनी यादीची घडी पुन्हा घातली. "अन् तुले एकदाही इचारलं नाही. थांबलो होतो."

सरांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला. मग दाराकडे वळून हाक मारली.

"ओ कळंब. चहा आना. तीन."

काका हलले नाहीत. तिथूनच म्हणाले, "दार सोडू काय?"

सर उठले. कपाट उघडलं, नंबर टाकलेला एक तुकडा दोन्ही हातांनी काढला, दाराशी जाऊन खाली वाकले आणि तो काकांच्या टाचेशेजारी नीट बसवला. हाताने दार ढकलून पाहिलं.

"आता सोडा," ते म्हणाले.